चौदा दिवसांचं घड्याळ आणि सहा दिवसांची वाट

निघायच्या आदल्या रात्री

हे जीपीएसवालं स्मार्ट घड्याळ घेऊन तीन आठवडे झाले होते, परत करायची मुदत तीस दिवसांची, म्हणजे हातात नऊ दिवस उरलेले आणि त्यातले सहा डोंगरात जाणार होते. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय बॅटरी १४ दिवस, पुढे एक बारीक चांदणी, आणि ती चांदणी कशाची ते मी तोवर वाचलंच नव्हतं. घरी एकदा चार्ज केलं की आठ-नऊ दिवस बघावं लागत नव्हतं, त्यामुळे मी निवांत होते. दादा म्हणाला, "सहा दिवस चार्ज न करता चाललं तर ठेव, नाहीतर आल्या आल्या परत कर, एवढे पैसे घालून वायरच शोधत बसायची असेल तर काय उपयोग." मला ते पटलं. म्हणून चार्जिंगची वायर मी घरीच ठेवली, मुद्दाम, कारण सोबत असली की हात जातोच आणि मला खरंच बघायचं होतं.

आम्ही तिघं. दादाच्या मनगटावर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, १९८९ सालापासून येणारं मॉडेल, त्याचा सेल साधारण सात वर्षं जातो असं कंपनीच सांगते. वहिनीचं घड्याळ म्हणजे मनगटावरचा फोनच, कॉल घेतं, मेसेज वाचून दाखवतं आणि रोज रात्री चार्जिंगला लागतं. माझं या दोघांच्या मधलं.

पहिला दिवस

पहाटे निघताना १०० टक्के. नऊ तास गाडीत आणि मग संध्याकाळी दोन तासांची चाल, एवढंच होतं आजचं, त्यामुळे मला वाटलं ९०च्या खाली काही येणार नाही.

गाडीत एक गोष्ट लक्षात आली जी घरी कधीच आली नसती. रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला हात उडाला की घड्याळाला वाटायचं मी वेळ बघायला मनगट वळवलं, की लगेच स्क्रीन पेटायची. खड्डा, उजेड. खड्डा, उजेड. शेजारी वहिनी झोपायचा प्रयत्न करत होती, तिनेच शेवटी सांगितलं की अगं ते बंद कर, डोळ्यावर येतंय. आणि बसल्या जागी माझी तीन हजारांच्या वर पावलंही मोजून झाली होती, तीही त्या हिसक्यांचीच.

मुक्कामाला पोचलो तेव्हा ८१. दादाने विचारलं किती, मी सांगितलं, तो काहीच बोलला नाही, वहीत लिहून ठेवलं त्याने.

दुसरा दिवस

आज साडेसहा तास चाल आणि बहुतेक सगळी नदीच्या घळीतून, दोन्ही बाजूंनी सरळ कडे आणि वर आभाळाची एक पट्टी. मी सकाळी ७८ वर असताना जीपीएसने वाटेची रेघ नोंदवणारं रेकॉर्डिंग चालू केलं ते थेट मुक्कामालाच बंद केलं.

घळीत जीपीएसची खरी परीक्षा असते. ते उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, तिथून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत अगदी क्षीण होऊन पोचतो, आणि वर कड्यांवर आपटून तोच सिग्नल उशिराने दुसऱ्यांदा येतो, मग घड्याळाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं. माझ्या घड्याळात ड्युअल बॅण्ड आहे, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचाही सिग्नल ते ऐकतं, आणि त्याने असं आपटून आलेलं बरंचसं गाळता येतं. संध्याकाळी वहिनीचा आणि माझा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघितला तर तिची रेघ नदी ओलांडून समोरच्या कड्यात घुसलेली आणि माझी सबंध वेळ पायवाटेवरून गेलेली, दोन-तीन ठिकाणी जरा हलली असेल तेवढीच. मला इतका आनंद झाला की टक्के बघायचेच राहिले.

मग बघितले. २३.

पोटात खड्डा पडला माझ्या. दोन दिवसांत ७७ टक्के गेले, चार दिवस बाकी आणि वायर घरी. वहिनी म्हणाली माझी वायर लावून बघ, तिच्याकडे १०,००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पॉवर बँक होती, पण तिचा चार्जर माझ्या घड्याळाच्या पाठीला चिकटतो आणि होत काहीच नाही. लोहचुंबक दोघांनाही आहे, पण आतली मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. हे खरं तर फार चीड आणणारं आहे. बहुतेक नव्या फोनना आता एकच सी-टाइप वायर कुठेही चालते आणि घड्याळांचं मात्र प्रत्येकाचं आपलं आपलं. त्या पॉवर बँकेत माझं घड्याळ वीसेक वेळा भरता येईल एवढी वीज होती आणि ती माझ्या काही कामाची नव्हती.

जेवणं झाल्यावर टॉर्चच्या उजेडात मी पहिल्यांदा ते माहितीपत्रक नीट वाचलं, फोनमध्ये त्याचा फोटो होता. १४ दिवस कधी, तर ऑलवेज-ऑन डिस्प्ले (स्क्रीन सतत चालू राहणं) बंद, रात्री रक्तातला ऑक्सिजन मोजणं बंद, आणि जीपीएससकटचा व्यायाम आठवड्याला थोडासाच. साधं जीपीएस लावलं तर २० तास. ड्युअल बॅण्डवर १२ तास. हे सगळं लिहिलेलं होतं, फक्त बॉक्सच्या पुढच्या बाजूला नव्हतं.

दादाने वही घेतली आणि गणित मांडलं. बॅटरी ३०० एमएएच. १४ दिवस म्हणजे ३३६ तास, म्हणजे घड्याळ ताशी साधारण ०.९ एमएएच खातं. जीपीएसवर २० तास म्हणजे ताशी १५. म्हणजे जीपीएस लावून चाललेला एक तास हा नुसतं घालून फिरलेल्या जवळजवळ सतरा तासांएवढा. आणि ड्युअल बॅण्डवर ताशी २५, म्हणजे अठ्ठावीस तासांएवढा! साडेसहा तासांत मी साध्या वापराचे साडेसात दिवस संपवले होते. हा हिशोब बघितल्यावर मात्र माझा घड्याळावरचा राग बराच उतरला, कारण ते खोटं बोलत नव्हतं, ते १४ दिवस मी जगत नसलेल्या आयुष्याचे होते.

मग त्याने स्वतःच्या कॅसिओचंही गणित केलं. आतला सीआर२०१६ सेल साधारण ९० एमएएचचा, सात वर्षं म्हणजे एकसष्ट हजार तास, म्हणजे ताशी साधारण ०.००१५ एमएएच. माझ्या घड्याळाच्या सहाशेव्या हिश्शात त्याचं काम चालतं. "हे खरं घड्याळ," म्हणाला, आणि सेकंदाचा आकडा बदलताना मला दाखवत राहिला.

झोपायच्या आधी सगळं बंद केलं. ऑलवेज-ऑन, रात्रीचा ऑक्सिजन, फोनशी ब्लूटूथ (फोन फ्लाईट मोडवर होता आणि घड्याळ बिचारं त्याला शोधतच बसलं होतं), मनगट वळवल्यावर पेटणं. उंची, हवेचा दाब आणि नाडी तेवढी ठेवली.

तिसरा दिवस

सकाळी २२. आज रेकॉर्डिंग नाही. वाट बघायला फोन होता, फोनचं जीपीएस फ्लाईट मोडमध्येही चालतं आणि नकाशा आधीच उतरवून घेतला होता, त्यामुळे अडलं काही नाही.

दिवसभर मोकळी चढण, झाडं संपली, वारा सुरू झाला. मी वहीत खुणा करत गेले की आज घड्याळाकडे कशासाठी बघितलं. अकरा वेळा उंचीसाठी, सात वेळा वेळेसाठी, तीनदा सूर्यास्ताला किती अवकाश आहे त्यासाठी, एकदा नाडी. आणि ज्याच्यावर काल पन्नासच्या वर टक्के गेले त्या रेघेकडे मी काल चालताना एकदाही बघितलं नव्हतं, संध्याकाळीच बघितलं. हे मला महत्त्वाचं वाटलं.

तळावर पाटी होती, ३,६४० मीटर. घड्याळ ३,७०२ म्हणत होतं. बॅरोमीटरवाली उंची अशीच सरकते, कारण घड्याळ खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची काढतं, हवा बदलली की आकडा बदलला. पाटी बघून मी ३,६४० लावून टाकलं आणि जेवायला गेले. रात्री १९.

त्या रात्री पट्ट्याखाली खाज यायला लागली म्हणून घड्याळ काढून तंबूच्या कडेच्या खिशात ठेवलं. दोनच्या सुमाराला जाग आली, वेळ बघायला बटण दाबलं तर उंची ३,६९०. मी होते तिथेच होते, स्लीपिंग बॅगमध्ये. तंबू पन्नास मीटर वर चढला होता.

आधी वाटलं बिघडलं. मग लख्ख कळलं. समुद्रसपाटीजवळ आठेक मीटर चढलं की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) उतरतो, एवढ्या उंचीवर हवा विरळ म्हणून त्यालाच बारा-तेरा मीटर लागतात. पन्नास मीटर म्हणजे चारेक हेक्टोपास्कल, तेही काही तासांत. मी चढले नव्हते तर दाबच पडला होता. हवा बिघडत होती. चेन उघडून बाहेर बघितलं तर आभाळात एकूण एक चांदणी होती, वारासुद्धा पडलेला. मी पाच मिनिटं तशीच बसले आणि मग जाऊन आमच्या गाईडना उठवलं, मनात धाकधूक होतीच की उगाच उठवतेय. ते म्हणाले त्यांना संध्याकाळच्या ढगांवरून शंका होतीच, पण आकडा बघून त्यांनी मदतीच्या मुलांना हाक मारली आणि जेवणाच्या तंबूचे दोर तेव्हाच दुप्पट करून घेतले.

चौथा दिवस

पाचला वारा आला, सहाला गारा आणि मग बर्फ. जेवणाचा तंबू उभा राहिला. आज कुठेच जायचं नव्हतं.

घड्याळ खिशातून काढलं तर ११ टक्के. काल रात्री १९ होतं! माझे हातच गळाले. दादाने ते घेतलं, माझ्या मनगटावर बांधलं आणि बाही खाली ओढली. लिथियम-आयन सेल थंडीत असंच करतो, आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, व्होल्टेज उतरतं आणि घड्याळाला वाटतं आपण रिकामे झालो. खरंच रिकामं झालेलं नसतं. पाऊण तासाने बाही वर केली तर १६. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, थंडीत घड्याळ अंगावरच ठेवा, आणि पॉवर बँकही स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आणि चार्जिंग शून्याखालच्या थंडीत करूच नका, त्याने सेल कायमचा खराब होतो. (दादाच्या कॅसिओलाही थंडी बाधली होती, सेलला नाही, काचेतल्या आकड्यांना, पहाटे ते जरा आळसावून बदलत होते.)

दुपारी वहिनीचं डोकं दुखायला लागलं, एवढ्या उंचीवर ते विरळ हवेचं लक्षण असू शकतं. मी लगेच घड्याळावर तिचा ऑक्सिजन बघितला, ९३, परत बघितला ८१, मग ८८, मग "हात स्थिर ठेवा" असा मेसेज. आणि त्यात माझा दीड टक्का गेला तो वेगळाच. लाल आणि इन्फ्रारेड उजेड कातडीत पाठवून परत येणाऱ्या उजेडावरून ते ऑक्सिजन ठरवतं, आणि थंडीने मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या की त्याला वाचायला काही मिळतच नाही. गाईडनी घड्याळाकडे बघितलंच नाही. मळमळतंय का, झोप कशी झाली, सरळ रेषेत चालून दाखवा, एवढं विचारलं, पाणी प्यायला लावलं आणि सांगितलं की संध्याकाळी वाढलं तर खाली उतरायचं, आकडा काही का असेना. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. पण जाहिरातीत हा आकडा ज्या थाटात दाखवतात त्याचा मला त्या तासाभरात खरोखर राग आला होता, कारण ९३ वर मी निर्धास्त झाले असते.

मग तंबूवर बर्फ पडत असताना आमचा खरा वाद झाला, पैसा वसूल का नाही. वहिनीचं म्हणणं असं की तुम्ही दोघं उगाच टक्के मोजताय, मी रोज संध्याकाळी पाऊण तास चार्ज करते, दात घासल्यासारखं, आणि चारही दिवस माझं सगळं चालू आहे. खरंच होतं, तिच्या घड्याळाला एकदाही काटकसर करावी लागली नव्हती. अॅपलने २०१५ मध्ये पहिलं घड्याळ आणलं तेव्हाच १८ तास सांगितले होते आणि पुढे कित्येक वर्षं तोच आकडा राहिला, तरी लोकांनी घेतलीच की. पण तिच्या दोन वर्षं जुन्या घड्याळाला हल्ली संध्याकाळ निघत नाही, हेही तिनेच सांगितलं.

तिथे माझा मुद्दा होता. सेल किती वर्षं टिकेल ते बरंचसं तो किती वेळा भरला-रिकामा झाला यावर जातं, काही शे फेऱ्या झाल्या की क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज चार्ज केलं तर वर्षाला ३६५ फेऱ्या, आठवड्याने केलं तर ५२. म्हणजे मोठी बॅटरी नुसती आज वायर वाचवत नाही, तीन वर्षांनी घड्याळ हातात असेल की खणात हेही तीच ठरवते. आणि आतला सेल आपल्याला बदलता येत नाही, कॅसिओचा चार स्क्रू काढून बदलता येतो. घड्याळाची किंमत मी आजच्या आकड्याला नाही, ते किती वर्षं मनगटावर राहील त्याला भागून बघते. दादा म्हणाला, "मग माझं बघ भागून." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण काल रात्री दोन वाजता त्याच्या घड्याळाने दोन वाजलेत एवढंच सांगितलं असतं, हे मी त्याला म्हणाले, आणि ते त्याला मान्य झालं.

रात्री १४, घड्याळ मनगटावरच, सैल पट्ट्याने.

पाचवा दिवस

तीनला निघालो. १३. खिंड ४,४८० मीटर.

मला या चढणीची रेघ हवी होती. मी ठरवलं होतं की साधं जीपीएस, ड्युअल बॅण्ड नाही, कारण इथे मोकळं आभाळ होतं, आपटायला कडे नव्हते, आणि चालू करायचं ते शेवटच्या खडकापासून. ताशी पाच टक्के, म्हणजे दोन तास पुरेल. हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीतून मी अधूनमधून नुसती उंची बघायचे. ४,२१०. ४,२६५. बर्फ ताजा होता, पाय घोट्याच्या वर जात होता आणि मी मनात ठरवायचे की पुढची पन्नास मीटर झाली की थांबायचं, आणि तेवढं झालं की थांबायचे. अंधारात वर किती उरलंय ते दिसत नाही, त्या वेळी तो एक आकडा माणसाला धरून ठेवतो. माझ्यासाठी त्या घड्याळाचे अर्धे पैसे तिथेच फिटले.

वर पोचायला एक तास पन्नास मिनिटं. ऊन नुकतंच पलीकडच्या रांगेवर आलं होतं. मी रेकॉर्डिंग सेव्ह केलं, सेव्ह झालं अशी बारीक थरथर मनगटाला जाणवली, आणि मग टक्के बघितले, ३. लगेच नुसती वेळ दाखवायच्या मोडवर टाकलं.

उतार लांब होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गुडघे दुखले.

सहावा दिवस

सगळी उतरण. घड्याळ वेळ दाखवत होतं आणि बाकी काही नाही. गाडीपाशी पोचलो तेव्हा १ टक्का होता.

"टिकलं," मी म्हणाले.

"काल सकाळपासून ते कॅसिओच होतं," दादा म्हणाला. "तुझं सहाशे पट खाणारं कॅसिओ. त्याला टिकलं म्हणत नाहीत."

मला ते मान्य करावं लागलं, आणि मी मनापासून केलं. साडेआठ तासांपेक्षा कमी जीपीएस आणि शेवटचा दीड दिवस नुसती वेळ. दिवसाला सहा-सात तास रेकॉर्डिंग करून हे घड्याळ सहा दिवस चालत नाही, आणि कुणाला तेच हवं असेल तर हे घेऊ नका, ऊन लागलं की स्पष्ट दिसणाऱ्या, न चमकणाऱ्या स्क्रीनची आणि मोठ्या सेलची घड्याळं वेगळी असतात, जाड असतात, पण ती याच कामासाठी असतात. दुकानात विचारताना १४ दिवसांचं विचारूच नका, तुम्ही लावणार आहात त्या मोडवर जीपीएसचे तास किती तेवढं विचारा आणि तुमच्या आठवड्यातल्या चालण्याच्या तासांनी त्याला भागा. माझे आठवड्याला चार तास होतात. मला ते पुरतं.

घरी आल्यावर वायर लावली, सव्वा तासात भरलं. फोनशी जोडल्यावर खिंडीची रेघ आली, आणि तिच्या खाली, मला ठाऊकही नव्हतं की ते साठवतं, सगळ्या दिवसांच्या हवेच्या दाबाचा आलेख. तिसऱ्या रात्री नऊपासून ती रेषा घसरायला लागलेली दिसते, दोनला मी उठले तिथे चांगलीच खाली आणि सकाळी सहाला तळाशी. दादाने फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी ती रात्र मोठी केली आणि विचारलं, हे माझ्या फोनवर पाठवता येईल का?

मुदतीचे तीन दिवस होते ते गेले. घड्याळ माझ्याकडेच आहे, आणि वायर ट्रेकच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात.